आधी ‘आपण’, मग आजार

डिसेंबर १८८४. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांपैकी मोलोकाई नावाचं एक बेट. दिवसभराच्या पायपिटीने थकलेल्या एका पाद्र्याने शेकण्यासाठी गरम पाण्यात पाय बुडवले. पाणी इतकं कढत होतं की कातडी लाल झाली, फोड आले. पण त्याला काहीच जाणवलं नाही. चटका नाही की वेदना नाही!

दुसरा कुणी असता तर चक्रावून गेला असता. या पाद्र्याला मात्र सगळं लगेच कळलं. गेली अकरा वर्षं तो ज्यांच्यात राहत होता, त्यांच्या हातापायांचं असंच झालेलं त्याने रोज पाहिलं होतं. बधिरपणा ही कुष्ठरोगाची खूण. फादर डेमियन यांना कुष्ठरोग झाला होता.

त्यानंतरची एक गोष्ट चर्चमधल्या प्रवचनांत, मुलांच्या पुस्तकांत नेहमी सांगितली जाते. पुढच्या रविवारी फादर डेमियन प्रार्थनेला उभे राहिले. ‘माझ्या बंधूंनो’ अशी सुरुवात न करता त्यांनी ‘आपण कुष्ठरोगी’ असे शब्द उच्चारले आणि सारं चर्च हेलावून गेलं. गोष्ट सुंदर आहे. पण खरा प्रकार याहूनही मोठा आहे. ‘आपण कुष्ठरोगी’ हे शब्द डेमियन यांनी अकरा वर्षं आधीच स्वीकारले होते. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते आणि त्यांची तब्येत खणखणीत होती!

धान्य व्यापाऱ्याचा मुलगा

बेल्जियममधल्या ट्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी जोसेफ डी व्हूस्टर जन्मला. घरची शेती आणि धान्याचा व्यापार. पोरगा अंगापिंडाने मजबूत, कष्टाळू, थोडा हट्टी. यानेच धंदा सांभाळावा, असं वडिलांच्या मनात होतं. पण थोरला भाऊ धर्मगुरू व्हायला गेला आणि त्याच्या मागोमाग जोसेफही त्याच संघात दाखल झाला. तिथे त्याला डेमियन हे नाव मिळालं.

१८६० मध्ये पॅरिस इथे त्याने आजन्म व्रताची शपथ घेतली. त्या विधीत एक प्रथा होती. व्रत घेणारा जमिनीवर आडवा पडतो आणि त्याच्या अंगावर प्रेतावर घालतात तसं काळं वस्त्र पसरतात. जुना माणूस मेला, आता उठेल तो देवाचा आणि लोकांचा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे संन्यास घेणारा आधी स्वतःचं श्राद्ध करतो, त्यातलाच हा भाव. पुष्कळांच्या बाबतीत विधी हा विधीच राहतो. डेमियन यांनी तो शब्दशः खरा मानला.

१८६३ मध्ये थोरल्या भावाची हवाई बेटांवर नेमणूक झाली. पण निघण्याच्या सुमारास तो तापाने अंथरुणाला खिळला. डेमियनने मधल्या वरिष्ठांना न विचारता थेट पॅरिसला प्रमुखांना पत्र धाडलं : भावाच्या जागी मला पाठवा. परवानगी मिळाली. आईचा निरोप घेऊन तो जहाजात बसला. मायलेकरांची भेट पुन्हा कधीच झाली नाही.

१९ मार्च १८६४ रोजी तो होनोलुलूला पोचला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. पुढली नऊ वर्षं त्याने हवाईच्या मोठ्या बेटावर काढली. तिथली भाषा शिकला, डोंगर तुडवले, स्वतःच्या हाताने सुतारकाम करून छोटी छोटी चर्च उभारली.

ताटातूट करणारा रोग

युरोप-अमेरिकेतून आणि आशियातून जहाजं येऊ लागली, तसे हवाईत नवे रोगही आले. देवी, गोवर, फ्लू. तिथल्या लोकांच्या शरीरांना या रोगांची ओळख नव्हती, त्यामुळे माणसं भराभर मेली. त्यात कुष्ठरोगाची भर पडली. औषध नव्हतंच. १८६५ मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याच्या राज्यात कायदा झाला. ज्याला हा रोग असेल, त्याला पकडून वेगळं ठेवायचं.

जागा निवडली मोलोकाईची. बेटाच्या उत्तरेला जिभेसारखा पुढे आलेला जमिनीचा तुकडा. तीन बाजूंना खवळलेला समुद्र, चौथ्या बाजूला दोन हजार फुटांहून उंच सरळसोट कडा. भिंत बांधायची गरजच नव्हती! जानेवारी १८६६ मध्ये पहिले रुग्ण तिथे उतरवले गेले. ही माणसं शेती करतील आणि आपलं आपण पोसतील, असा सरकारचा हिशेब होता. बोटं झडलेल्या, पाय जखमांनी भरलेल्या माणसांनी नांगर कसा धरायचा, हा विचार कुणी केला नव्हता.

हवाईच्या लोकांनी या रोगाला नाव दिलं ‘ताटातूट करणारा रोग’. रोगाने माणूस मरायचा तेव्हा मरायचा, कायदा मात्र त्याला त्याच दिवशी घरातून उचलून न्यायचा. नवरा-बायको, आई-मूल, कुणाचीही गय नव्हती. वसाहतीत नव्या माणसाला पहिलं वाक्य ऐकू यायचं : इथे कायदा नाही. बळी तो कान पिळी. दारू, मारामाऱ्या, लहान मुलांचे हाल. मेलेल्यांना खोल पुरायलाही कुणी नसायचं.

पण याच अंधारात काही माणसं होती, त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत. त्यांना ‘कोकुआ’ म्हणत. म्हणजे मदतीला आलेला. रुग्णाचा नवरा, बायको, आई, भाऊ. स्वतःला रोग नसताना ही माणसं आपल्या माणसाची पाठ सोडायला तयार नव्हती. ती त्याच्याबरोबर मोलोकाईला उतरली आणि तिथेच राहिली. डेमियन येण्याआधीही त्याग तिथे पोचला होता. तो रक्ताच्या नात्यापोटी आला होता, एवढंच. डेमियन यांचं वेगळेपण हे की त्यांचं तिथे कुणीच नव्हतं.

केवड्याच्या झाडाखाली

मे १८७३. माउई बेटावर एका नव्या चर्चच्या उद्घाटनाला धर्मगुरू जमले होते. बिशप मेग्रे यांनी मोलोकाईचा विषय काढला. तिथल्या कॅथलिक रुग्णांना कायमचा धर्मगुरू हवा होता. पण बिशप म्हणाले की अशा जागी जाण्याची आज्ञा मी कुणालाही करणार नाही. चौघे तरुण आपणहून पुढे आले. पाळीपाळीने जायचं ठरलं. पहिली पाळी डेमियन यांची.

१० मे रोजी गुरं आणि रुग्ण घेऊन निघालेल्या जहाजातून ते कालावाओला उतरले. एक लहानसं चर्च होतं, राहायला घर नव्हतं. पहिल्या रात्री ते चर्चजवळच्या झाडाखाली झोपले. ते झाड आपल्या केवड्याच्या जातीचं होतं. थोड्याच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळवलं की मला इथेच राहू द्या. पाळीचा प्रश्न मिटला.

त्यांना किळस आली नाही, असं कुणी समजू नये. आली, आणि ती त्यांनी लपवली नाही. जखमांची दुर्गंधी इतकी असायची की कितीदा तरी प्रार्थना चालू असताना नाक दाबून बाहेर मोकळ्या हवेत पळावं लागलं, असं त्यांनी पुढे सरकारला दिलेल्या अहवालात लिहिलं आहे. कपड्यांना येणारा वास मारण्यासाठी ते पाइप ओढू लागले. पण बाहेर गेलेला माणूस पुन्हा आत यायचा, हे महत्त्वाचं!

त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवलं की प्रवचन देताना मी ‘माझ्या बंधूंनो’ म्हणत नाही, ‘आपण कुष्ठरोगी’ असं म्हणतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये समोरचा माणूस नसतो, ‘आपण’मध्ये असतो. डेमियन यांनी जे म्हटलं, त्याचं खरं भाषांतर मराठीतच व्हावं!

आणि हा नुसता शब्द नव्हता. हवाईच्या लोकांचं रोजचं अन्न म्हणजे अळूच्या जातीचा कंद शिजवून, कुटून केलेला ‘पोई’ नावाचा चिकट लगदा. सगळे एकाच भांड्यात बोटं बुडवून तो खातात. पाहुण्याने नको म्हणणं म्हणजे घराचा अपमान. डेमियन त्याच भांड्यातून खाऊ लागले. त्यांनी जखमा धुतल्या, बांधल्या. आपला पाइप मागितला तर दिला. शासकीय वैद्य जिथे काठीच्या टोकाने रुग्णाचा कपडा उचलत, तिथे हा माणूस खांद्यावर हात ठेवत होता.

सुतार, गवंडी आणि कबर खोदणारा

डेमियन यांचा दिवस बघितला तर त्यात प्रार्थना आणि हातोडा सारखेच भरलेले दिसतात. १८७४ मध्ये वादळाने झोपड्या उडवल्या. त्यांनी सरकारकडे लाकडांची मागणी लावून धरली आणि रुग्णांना हाताशी घेऊन पांढऱ्या चुन्याची लाकडी घरं उभारली. पाणी लांबच्या ओढ्यावरून आणावं लागे. त्यांनी लोखंडी नळ मागवले आणि पाणी वस्तीपर्यंत आणलं. अनाथ मुला-मुलींसाठी घरं बांधली. वाद्यवृंद सुरू केला. एकाला बोटं पुरत नसतील तर दोघांनी मिळून एक वाद्य वाजवायचं!

शवपेट्याही तेच करत आणि कबरीही तेच खोदत. स्मशानाला त्यांनी कुंपण घातलं. कुष्ठरोग्याचा देह नीट पेटीत, प्रार्थनेसह जमिनीत जाऊ लागला, तेव्हा जिवंत असलेल्यांना पहिल्यांदा वाटलं की आपणही माणूस आहोत.

ते संत होते म्हणून गोड बोलणारे होते असं मात्र नाही. हातभट्टीची दारू गाळणाऱ्यांच्या अड्ड्यावर ते काठी घेऊन जात आणि मडकी फोडत. सरकारकडे एकसारख्या मागण्या करत. वरिष्ठांशी त्यांचं पटत नसे. वसाहतीतून बाहेर जायला सरकारने बंदी घातली, तेव्हा एक प्रसंग घडला. वरिष्ठ धर्मगुरू जहाजातून आले, पण कप्तानाने ना त्यांना उतरू दिलं, ना डेमियन यांना वर चढू दिलं. कॅथलिक माणसाला आपल्या पापांची कबुली धर्मगुरूच्या कानात द्यायची असते. डेमियन यांनी ती होडीत उभं राहून, फ्रेंच भाषेत, वर जहाजाच्या दिशेने ओरडून दिली!

हे सगळं त्यांना कुठून सुचलं आणि कसं पेलवलं? दयेपोटी माणूस महिनाभर राहतो, फार तर वर्षभर. ते सोळा वर्षं राहिले. स्वतःचा उलगडा त्यांनी श्रद्धेच्या भाषेत केला आहे. मित्रांसाठी प्राण द्यावा, ही येशूची शिकवण आणि येशूने स्वतः घालून दिलेलं उदाहरण. मोलोकाईला गेल्यावर प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी शपथविधीच्या त्या काळ्या वस्त्राची आठवण काढली. जो एकदा त्या वस्त्राखाली निजला, त्याला गमावण्यासारखं काय उरलं? कुष्ठरोग्याच्या देहात त्यांना ख्रिस्ताचा जखमी देह दिसत होता. म्हणून त्यांच्या दृष्टीने चर्चमधली वेदी आणि दवाखान्यातली खाट यांत अंतर नव्हतं.

रोग होणं हा त्याग नव्हे

डेमियन यांच्या आजाराचं निदान पक्कं झालं, तशी बातमी युरोपातल्या वर्तमानपत्रांतून पसरली. तिखटमीठ लावलेली ती बातमी त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या कानावर गेली. ऑगस्ट १८८६ मध्ये ती वारली. एकाच्या त्यागाची झळ अशी दुसऱ्यालाही लागते.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. हा रोग टाळता आला नसता का? डेमियन यांच्यानंतर तिथे आलेल्यांनी त्याचं उत्तर दिलं आहे. १८८६ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातला जुना सैनिक जोसेफ डटन आला. पूर्वायुष्यात दारूच्या आहारी गेलेला हा माणूस प्रायश्चित्त म्हणून आला आणि पगार न घेता चव्वेचाळीस वर्षं राबला. नोव्हेंबर १८८८ मध्ये मदर मेरियन कोप आपल्या सहकारी सिस्टर्सना घेऊन आल्या. अमेरिकेत त्यांनी रुग्णालय चालवलं होतं. हात धुण्याचा नियम त्यांनी कडकपणे पाळायला लावला. तीस वर्षं तिथे सेवा करून १९१८ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी त्या गेल्या. ना त्यांना कुष्ठरोग झाला, ना डटनला.

म्हणजे रोग जडवून घेणं हा त्याग नव्हता. त्याग होता तो तिथे राहण्याचा. मदर मेरियन यांचा त्याग डेमियन यांच्याहून तसूभरही कमी नव्हता. पण अशा जागी मुक्काम टाकता येतो, हे आधी कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. ते डेमियन यांनी दाखवलं. मृत्यूच्या आधी त्यांना हे हात येताना दिसले, हे त्यांचं मोठं समाधान.

शेवटच्या डिसेंबरात एक इंग्रज चित्रकार, एडवर्ड क्लिफर्ड, त्यांना भेटायला आला. तो प्रोटेस्टंट पंथाचा. अंदमानात कुष्ठरोगावर वापरून पाहिलेलं गर्जन झाडाचं तेल त्याने सोबत आणलं होतं. तेलाने काही काळ बरं वाटलं, एवढंच. १५ एप्रिल १८८९ रोजी, ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातल्या सोमवारी, फादर डेमियन यांनी डोळे मिटले. वय ४९. पहिल्या रात्री ज्या झाडाखाली झोपले होते, तिथेच त्यांना पुरलं.

चिखलफेक आणि उत्तर

मेलेल्या माणसालाही लोक सोडत नाहीत. होनोलुलूतल्या हाइड नावाच्या पाद्र्याने एका परिचिताला पत्र लिहिलं. डेमियन गलिच्छ होते, हेकट होते आणि त्यांना रोग झाला तो त्यांच्या वाईट चालीमुळे, असा त्यातला मजकूर. पत्र छापून आलं.

‘ट्रेझर आयलंड’चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियन यांच्या मृत्यूनंतर महिन्याभराने वसाहतीत जाऊन राहून आला होता. तोही कॅथलिक नव्हता. त्याने १८९० मध्ये हाइडला जाहीर पत्र लिहून झोडपून काढलं. गंमत म्हणजे त्याने डेमियन यांचे दोष झाकले नाहीत. अव्यवस्थित होते, हट्टी होते, मान्य. पण तुम्ही आरामशीर घरात बसला होतात, तेव्हा तो माणूस तिथे गेला आणि राहिला, असा त्याचा रोख होता. एक दिवस डेमियन संत ठरतील आणि तुमचं नाव उरलं तर या पत्रामुळेच उरेल, असंही त्याने बजावलं. ११ ऑक्टोबर २००९ रोजी रोममध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी डेमियन यांना संत घोषित केलं. हाइडचं नाव आज याच गोष्टीत येतं!

मोलोकाई ते वरोरा

या मृत्यूचे पडसाद भारतातही उमटले. डेमियन यांच्या स्मरणार्थ लंडनमध्ये कुष्ठरोगासाठी निधी उभा राहिला. त्यातून १८९०-९१ मध्ये एक आयोग भारतात पाहणीसाठी आला. रोग फारसा संसर्गजन्य नाही, सक्तीने कोंडून ठेवण्याची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही १८९८ मध्ये इंग्रज सरकारने कायदा केलाच. निराधार रुग्णांना पकडून डांबण्याची मुभा देणारा हा कायदा २०१६ पर्यंत आपल्या पुस्तकात होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण असण्याची तरतूद तर २०१९ मध्ये काढली गेली. ताटातूट करणारा रोग, हे हवाईच्या लोकांनी दिलेलं नाव आपल्याकडेही तितकंच खरं होतं.

ज्या १८७३ साली डेमियन मोलोकाईला उतरले, त्याच साली नॉर्वेत डॉ. हॅन्सन यांना या रोगाचा जंतू दिसला. आज बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला तोंड देण्याची ताकद उपजतच असते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लगेच दाखवावं. वेळेवर उपचार झाले तर हातपाय वाकडे होण्याची पाळीच येत नाही.

औषध मिळालं, पण माणसाच्या मनातली भीती गोळीने जात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या बाबा आमटे यांची कथा मराठी माणसाला पाठ आहे. रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीरामला पाहून ते आधी घाबरून निघून गेले. मग स्वतःची लाज वाटून परत फिरले. त्या परत फिरण्यातून आनंदवन उभं राहिलं. १९८३ मध्ये बाबांना जो आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचं नाव होतं डेमियन-डटन पुरस्कार. बाबा ख्रिस्ती नव्हते. पण नाक दाबून बाहेर पळालेला आणि पुन्हा आत आलेला मोलोकाईचा तो पाद्री आणि घाबरून मागे फिरलेले बाबा यांची वाट एकच होती.

मोलोकाईवरची सक्ती १९६९ मध्ये उठली. शंभरावर वर्षांत सुमारे आठ हजार माणसं तिथे धाडली गेली होती. बंदी उठल्यावर जे होते, त्यांना कुठेही जायची मोकळीक मिळाली. तरी काहींनी तिथेच राहणं पसंत केलं. ज्या जागी आयुष्य गेलं, तेच त्यांचं घर झालं होतं. डेमियन यांचे अवशेष १९३६ मध्ये बेल्जियमला नेले गेले. पण १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात परत आणून त्या जुन्या कबरीत ठेवण्यात आला. लोकांनी तेवढाच मागितला होता, असं नव्हे. पण कुष्ठरोग्याच्या खांद्यावर ठेवलेला तो हात होता. त्याची जागा तिथेच होती.